पाच खणांतला एक

आमच्या घरात एकाच वेळी पाच सीडी मावतील असं यंत्र आलं, तेव्हा घरात सीडी होती एक, आणि तीही यंत्राबरोबर फुकट आलेली. तिच्यावर गाणं नव्हतं. एक आगगाडी डाव्या स्पीकरमधून उजव्या स्पीकरमध्ये जायची, काचेचं काहीतरी फुटायचं, एक बाई इंग्रजीत दोन वाक्यं बोलायची आणि शेवटी ढोल वाजायचे. यंत्र किती भारी आहे हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून दिलेली ती नमुन्याची सीडी. भोकरदनला रेल्वे नाही, पण आमच्या बैठकीत ती रोज संध्याकाळी यायची. आमचे हे सोफ्यावर बसून आलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहायचे, की कळलं का, इकडून तिकडं गेली ती.

ह्यांचं धान्याच्या मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बी-बियाण्यांचं आणि खताचं दुकान होतं. मी गावातच मुलींच्या शाळेत मराठी शिकवायचे. साल दोन हजारच्या मागचं-पुढचं असेल. गावात तोपर्यंत घरोघरी टेपरेकॉर्डर होता, कुणाकुणाकडे सीडीही आली होती, पण ती एकेक सीडीची. पाच सीडींचं यंत्र ह्यांनी औरंगाबादला एका दुकानात पाहिलं आणि ते स्वस्तात आहे म्हटल्यावर ह्यांच्या जिवाला चैन पडेना. स्वस्तात का आहे, हा प्रश्न ह्यांना आयुष्यात कधी पडलेला नाही. यंत्रावर जे नाव होतं ते एका मोठ्या जपानी नावासारखं दिसायचं, फक्त मधलं एक अक्षर वेगळं. घरी सासूबाईंना ह्यांनी किंमत निम्मी सांगितली, मित्रांना दुप्पट सांगितली, आणि मला सांगितलीच नाही.

यंत्रासाठी सुताराकडून काचेची शोकेस करून घेतली. शोकेसला कुलूप. कुलपाची किल्ली दुकानाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात, म्हणजे सकाळी नऊ वाजता ती ह्यांच्याबरोबर दुकानात जायची आणि रात्री परत यायची. वर घालायला क्रोशाचा रुमाल मी विणला. तेवढं काम मात्र मला कळतं असं ह्यांचं मत होतं. बाकी यंत्राच्या बाबतीत मी काही विचारलं की उत्तर ठरलेलं, तुला कळायचं न्हाई. पदवी माझ्याकडे होती, हे बारावीला दोनदा बसलेले होते, पण बटण दाबायची अक्कल पुरुषाला जन्मतःच असते अशी ह्यांची खात्री होती.

यंत्राचं वागणं असं होतं. बटण दाबलं की एक रुंद काळं तबक बाहेर यायचं, पुरणाचं ताट असतं तेवढं. त्यात गोल गोल पाच खण. एकेका खणात एकेक सीडी ठेवायची, तबक फिरतं, मागचा खण पुढे येतो, मग तबक आत जातं. आत गेल्यावर यंत्र पाचही खण एकेक करून तपासायचं. घर्र करून फिरायचं, खट् करून थांबायचं, पुन्हा घर्र. आमच्याकडे चार खण रिकामे, तरी ते सगळे तपासल्याशिवाय ते काही वाजायचं नाही. पाहुणा विचारायचा, काय करून राह्यलंय हे? हे अभिमानाने सांगायचे, "शोधून राह्यलंय." सासूबाई त्याला जातं म्हणायच्या. "तुझं जातं बंद कर, मला झोपू दे," असं त्या सरळ सांगायच्या. आईला यंत्रातलं काही कळत नाही हेही ह्यांचं मत होतंच.

आणि लाईट. त्या वर्षांत आमच्याकडे लाईट येते म्हणणं हाच विनोद होता. सकाळी जायची, दुपारी यायची, संध्याकाळी गिरणीवाल्याने पट्टा चढवला की पुन्हा जायची. यंत्राची खोड अशी की लाईट गेली की ते सगळं विसरायचं. परत आली की आपणहून चालू व्हायचं, तबक बाहेर राहिलं असेल तर ते आत ओढून घ्यायचं, पहिल्यापासून पाचही खण तपासायचं आणि पहिल्या सीडीचं पहिलं गाणं लावायचं. ते अर्ध्यावर आलं की पुन्हा लाईट जायची. पाच सीडींचं यंत्र घेऊन आम्ही वर्षभर एकच गाणं ऐकलं, तेही बिनशेवटाचं. ही गोष्ट घरात सगळ्यांना दिसत होती. ह्यांना दिसत नव्हती, कारण हे गाणं ऐकायला बसतच नसत. हे माणसांची तोंडं बघायला बसत.

त्या वर्षभरात हळूहळू चार सीडी आणखी आल्या होत्या. एक सिनेमातल्या गाण्यांची, एक गरब्याची. गरबा आमच्या घरात कुणी खेळत नाही, पण दुकानदाराने सांगितलं की हिच्यात आवाज खोल येतो. एक आरत्यांची, सासूबाईंच्या नावाने आणलेली, जी सासूबाईंनी कधी मागितली नव्हती. एक सनईची, मोठं माणूस घरी आलं तर लावायला. मोठं माणूस म्हणजे बियाण्याच्या कंपनीचा साहेब. आणि पाचवी ती फुकटची, आगगाडीची. पाच खण भरले.

आता माझं सांगते. दहावीचे पेपर तपासायच्या बैठकीसाठी मला औरंगाबादला जावं लागायचं. अशाच एका खेपेला बसला वेळ होता म्हणून मी एका दुकानात शिरले आणि भावगीतांची एक सीडी घेतली. माझी मी निवडून, माझ्यासाठी घेतलेली घरातली ती पहिली वस्तू असावी. बाकी सगळं, साडीसुद्धा, कुणीतरी आणायचं आणि मी छान आहे म्हणायचे. त्या सीडीतलं पहिलंच गाणं मला हवं होतं. सावकाश चालीचं, एका बाईच्या आवाजातलं. वाटूरला माहेरी असताना ते रेडिओवर लागायचं, आणि ते नेमकं पाणी भरायच्या वेळेला लागायचं. मी घागर घेऊन अंगणात येईपर्यंत सुरुवात झालेली असायची. पुढचं सगळं मला पाठ होतं, पण त्या गाण्याची सुरुवात मी कधीच ऐकली नव्हती. बाईचा आवाज येण्याआधी काय वाजतं, पहिला शब्द ती कशी उचलते, हे मला माहीत नव्हतं. एवढ्याशा गोष्टीचं काय एवढं, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. मला ते ऐकायचं होतं.

घरी आल्यावर मी ह्यांना सीडी दाखवली आणि म्हणाले, पाच खण आहेत, त्यातला एक मला द्या. ह्यांनी सीडी हातात घेतली, उलटीसुलटी केली, नखाने टिचकी मारली आणि म्हणाले, "हलकी हाय."

मी विचारलं, हलकी म्हणजे काय. तर ह्यांनी मला समजावून सांगितलं की तबक फिरतं, तेव्हा पाचही खणांत वजन सारखं लागतं. एक हलकी आली की तोल जातो, आणि तोल गेला की यंत्र बिघडतं. सीडी सगळ्या सारख्याच वजनाच्या असतात, हे मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून सांगितलं. त्यावर हे म्हणाले, तुला कळायचं न्हाई.

नंतर मी आगगाडीची सीडी काढून तिच्या जागी माझी लावा म्हणाले. ती पाहुण्यांसाठी ठेवलेली होती. गरबा काढा म्हणाले. त्यात आवाज खोल होता. आरत्या काढा म्हणायची सोयच नव्हती, आणि सनई काढली तर साहेब अचानक आले म्हणजे काय लावायचं? साहेब कधीच आले नाहीत. मी चार-दोनदा मागितलं आणि मग मागणं सोडलं. ह्यांना वाटलं मी विसरले. मी सीडी माझ्या कपाटात, नारळी काठाच्या रेशमी साडीच्या घडीत ठेवून दिली. गावात कॅसेटच्या दुकानात सीडी लावून दाखवायचे, पण शाळेतली बाई भर रस्त्यावरच्या दुकानात उभी राहून गाणं ऐकते आहे हे भोकरदनला तेव्हा झेपलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मलाही झेपलं नसतं. घरात यंत्र असताना मी दुकानात का उभं राहायचं, याचा मला संतापही येत होता.

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आधी हे जालन्याला गेले आणि तिथे कुणाच्या तरी घरी हलता देखावा पाहून आले. कारंजं उडतंय, हत्ती सोंड हलवतोय, असं काहीतरी. परत आले ते वेगळेच होऊन आले. आमच्याकडे महालक्ष्म्या दर वर्षी बसतात, मुखवटे सासूबाईंच्या सासूबाईंपासूनचे. समोर आरास मांडतात, करंज्या, लाडू, फळं, मुलांची खेळणी, घरात जे काही मिरवण्यासारखं असेल ते सगळं. आल्यागेल्या बायका ते बघतात आणि मनातल्या मनात आपल्या घरच्या आराशीशी ताडून बघतात. ह्यांनी जाहीर केलं की या वर्षी आपली आरास हलती असणार, आणि ती यंत्राच्या तबकावर होणार.

ह्यांच्या डोक्यात आलेली युक्ती अशी. यंत्र देवीपुढे ठेवायचं. तबक बाहेर काढून ठेवायचं. त्याच्या पाच खणांत पाच बाहुल्या उभ्या करायच्या, फेर धरलेल्या बायका. रिमोटचं बटण दाबलं की तबक एक घर पुढे सरकतं. दाबत राहिलं की बायका गोल गोल फिरतात. गाणी वाजवायला आणलेल्या यंत्रावर बाहुल्या नाचवायच्या, हे जगात कुठल्या कारखान्याच्या स्वप्नात आलं नसेल. आमच्या घरात आलं. बाहुल्या अर्थातच मी करायच्या होत्या.

मी केल्या. मला बाहुल्या करायला आवडतं, आणि ह्यांचा राग बाहुल्यांवर काढायचं काही कारण नव्हतं. कापूस, काड्या, जुन्या साड्यांचे काठ, मोत्यांच्या नथा. पाचही जणींची लुगडी वेगवेगळी. एकीच्या कडेवर मूलही दिलं. बाहुल्या फार छान झाल्या होत्या, हे मीच सांगते, कारण तेव्हा कुणी सांगितलं नाही. खाली बूड कसलं द्यायचं ते मी बघतो, असं हे म्हणाले. खण सीडीच्या मापाचे, तेव्हा सीडीच बूड म्हणून लावायची, चकचकीत बाजू वर, म्हणजे बायका तळ्याच्या काठी फेर धरतायत असं दिसेल. मी कणकेची खळ शिजवून दिली. चिकटवायचं काम ह्यांनी बैठकीचं दार लावून केलं. कलावंतच की नाही.

मी फक्त एक गोष्ट बोलले. म्हणाले, अहो, लाईट गेली नि आली तर तबक आत जाईल. त्यावर काय उत्तर आलं असेल ते आता सांगायची गरज नाही. वर असंही म्हणाले की रिमोट माझ्या हातात हाय ना.

महालक्ष्म्या आल्या, बसल्या. दुसऱ्या दिवशी पूजा, सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील, सगळं झालं. माणसं जेवून गेली आणि संध्याकाळच्या हळदीकुंकवासाठी नेसायला मी कपाटातून रेशमी साडी काढली. घडीतून सीडीची डबी खाली पडली आणि उघडली. रिकामी होती.

मला लगेच कळलं. तरी मी बैठकीत जाऊन पाहिलं. पाच बायका पाच चकचकीत तळ्यांवर उभ्या होत्या. सगळ्या सीडी वरून सारख्याच दिसत होत्या. मी वाकून तबकाच्या फटीतून खालून पाहिलं, तर कडेवर मूल असलेल्या बाईच्या बुडाखाली निळ्या रंगाची छपाई दिसली. माझी.

हे सोफ्यावर बसून रिमोटमध्ये नवे सेल घालत होते. मी विचारलं. ह्यांना त्यात विचारण्यासारखं काय आहे हेच समजेना. कॅसेटवाल्याकडून खराब झालेल्या चारच मिळाल्या, पाचवी कुठून आणायची? मी म्हणाले, तुमच्या पाच होत्या की. तर म्हणाले, "माझ्या रोज लागून राह्यल्यात. तुझी पडून होती." आणि मग, मला बरं वाटावं म्हणून, अगदी प्रेमाने म्हणाले, "शेवटी तुझ्याच सीडीला खण दिला ना मी?"

माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं. ह्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी माझं काम केलं. मी बाहुली उचलायला हात पुढे केला, तेवढ्यात सासूबाई देवीपुढचं निरंजन नीट करता करता म्हणाल्या, "न्हाई बाई. बसल्यावर हलवायचं न्हाई." ते खरंच होतं. महालक्ष्म्या एकदा बसल्या की आराशीतलं काही हलत नाही, करंजीसुद्धा उचलायची नाही, ते थेट तिसऱ्या दिवशी मुखवटे हलवल्यावर. मी हात मागे घेतला, आत गेले आणि साडी नेसले. त्या दिवशी माझा देवीवरसुद्धा राग होता.

संध्याकाळी बायका आल्या. गल्लीतल्या, शाळेतल्या, मागच्या वाड्यातल्या. हळदीकुंकू म्हणजे बायकांना जरा टेकून बोलायची वेळ. पण त्या दिवशी समोरच्या खुर्चीत आमचे हे बसलेले, मांडीवर उपरणं, उपरण्याखाली रिमोट. एकही पुरुष अशा वेळी बैठकीत थांबत नाही. हे थांबले, कारण हे उठले असते तर देखावा थांबला असता. बायका अंग चोरून बसल्या, कुणी बोलेना. उपरण्याखाली अंगठा हलायचा आणि बाहुल्या एक घर पुढे सरकायच्या. घर्र, खट्. मग पुन्हा. शेजारच्या वकिलीणबाईंनी विचारलं, कशानं फिरतं हो हे? हे म्हणाले, आपोआप. उपरणं तेव्हाही हलत होतं. वकिलीणबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी फुलदाणीकडे बघितलं.

आणि लाईट गेली.

अंधार पडला तशा बायका मोकळ्या झाल्या. समयांच्या उजेडात बोलायला लागल्या, कुणीतरी हसलं, कुणीतरी उखाणा घ्यायला लावला. हे खुर्चीतच होते, पण दिसत नव्हते, त्यामुळे नव्हतेच. मला वाटतं त्या दिवशीचं खरं हळदीकुंकू तेवढ्या वेळातच झालं. मग लाईट आली.

तबकाने क्षणभरही विचार केला नाही. रोज करायचं तेच केलं. बाहुल्यांसकट आत जायला निघालं. पुढच्या दोघी यंत्राच्या दर्शनी फळीला अडल्या, पाठीवर वाकल्या, त्यांच्या नथा तुटून खाली पडल्या. मागच्या दोघी डोक्यापर्यंत आत ओढल्या गेल्या. कडेवर मूल असलेली बुडापासून सुटून आडवी झाली आणि मध्येच अडकली, कमरेपासून वरची आत आणि पाय बाहेर. यंत्र थांबलं नाही. ते पाच खण तपासायला लागलं. घर्र करायचं, अडायचं, पुन्हा घर्र. आतून प्लॅस्टिकचं काहीतरी कडकड मोडत होतं. हे रिमोटची सगळी बटणं दाबत होते, आता उपरण्याच्या बाहेर, सगळ्यांच्या देखत.

सासूबाई कुंकवाचा करंडा हातात धरून उभ्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "आता काय शोधून राह्यलंय रे ते?"

हशा बैठकीत फुटला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. ह्यांनी झडप घालून वायर ओढली. बाहुल्या सोडवायला हात घातला, तर सासूबाईंनी मला सांगितलं होतं तेच ह्यांनाही सांगितलं, हलवायचं न्हाई. म्हणून तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमच्या महालक्ष्म्या यंत्राच्या तोंडातून बाहेर आलेल्या दोन कापसाच्या पायांकडे बघत बसल्या. आरास बघायला त्या दिवशी आमच्याकडे कधी नव्हती एवढी गर्दी झाली.

मुखवटे हलवल्यावर ह्यांनी स्क्रू काढले आणि उलथनं घालून तबक बाहेर काढलं. आतल्या चाकाचे दात गेले होते. ह्यांनी बाहुल्या उपटल्या आणि माझी सीडी साफ करून देतो म्हणून त्याच उलथन्याने खळ खरवडायला लागले. मी ती हातातून काढून घेतली. कोमट पाण्यात भिजत घातली असती तर खळ आपसूक सुटली असती, आणि बाकीची सुटलीही. पण मधल्या भोकाभोवती, जिथे बाहुली उभी होती, तिथे उलथन्याने एक गोल ओरखडा काढून ठेवला होता.

यंत्र दुरुस्तीला गेलं नाही. ते दाखवायला न्यायचं म्हणजे काय झालं ते सांगायला लागलं असतं. ह्यांनी ते पुन्हा शोकेसमध्ये ठेवलं, वर माझा क्रोशाचा रुमाल घातला आणि कुलूप लावलं. नंतर कैक वर्षं घरी आलेल्या माणसाला हे सांगत राहिले की आईला आवाज सोसत नाही म्हणून बंद ठेवलंय. सासूबाईंनी ते कधी खोडून काढलं नाही. माझ्या मते त्यांना ह्यांची दया येत होती. मला येत नव्हती.

पुढच्या वर्षी बाहुल्या कर असं कुणी म्हणालं नाही. मी जालन्याला एका लग्नाला गेले होते, तेव्हा हातात मावणारा, सेलवर चालणारा, एकाच सीडीचा प्लेअर घेऊन आले. त्याला तबक नाही, कुलूप नाही, लाईट लागत नाही. कानात घालायच्या दोन वायरी होत्या. रविवारी दुपारी सगळं आवरून मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले, दोन्ही वायरी कानात घातल्या आणि बटण दाबलं.

सीडी फिरली. थोडा वेळ काहीच नाही, मग टकटक, मग टकटक, आणि मग एकदम बाई मधूनच गात होती. तिथूनच, जिथून मी वाटूरच्या अंगणात घागर घेऊन उभी असताना ऐकायचे. सीडी आतून बाहेर वाजत जाते, त्यामुळे भोकाजवळची सुरुवातच त्या ओरखड्यात गेली होती. मी मागे नेलं, पुन्हा लावलं. पुन्हा टकटक, पुन्हा तिथूनच. दुसरं गाणं मात्र स्वच्छ लागलं, तिसरंही. पाण्याचा हंडा, ओली घागर, माझी आई, सगळं आठवलं. मी रडले. रागाने रडले, हे सांगितलेलं बरं, नाहीतर लोकांना वाटेल गाण्याने रडले.

हे दुकानातून जेवायला आले होते. दारात उभे राहून बघत राहिले. बैठकीत मुकं झालेलं पाच खणांचं यंत्र आणि बायको उंबऱ्यावर बसून कानात काहीतरी ऐकते आहे. ह्यांना कसलीतरी उणीव भासली असणार. जवळ आले, बसले, आणि मला कधी ऐकू आला नव्हता अशा मऊ आवाजात म्हणाले, "चांगलं हाय का? एक कान मला दे की. दोन हायेत."

मी एका कानातली वायर काढली. ह्यांनी हात पुढे केला. मी ती पुसली आणि परत माझ्या कानात घातली.

"नको," मी म्हणाले. "दोन्हीकडं वजन सारखं लागतं. एक काढलं की तोल जातो."

हे उठून बैठकीत गेले आणि शोकेससमोरच्या सोफ्यावर बसले. मी सेल संपेपर्यंत ऐकलं.